कालनिर्णयावरचा आयएनआर

मार्गशीर्षात भाजी मंडईत पाऊल टाकलं की डोळे निवतात. मेथीच्या जुड्या, पालक, शेपू, चाकवत, आंबट चुका, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात. सगळं ताजं आणि भावही उतरलेले. पण ज्या घरात कुणाच्या हृदयाची झडप बदलली आहे, किंवा पायाच्या शिरेत गाठ होऊन गेली आहे, तिथे बऱ्याचदा एक फर्मान सुटलेलं असतं: पालेभाज्या बंद. कुणी सांगितलं? दवाखान्यातून घरी सोडताना घाईघाईत कुणीतरी सांगितलं, शेजारच्या काकांनी दुजोरा दिला, व्हॉट्सॲपवर यादी आली. मग ते माणूस वर्षानुवर्षं दुधी, दोडका आणि बटाट्यावर काढतं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, तरीही वर-खाली होत राहतो.

हे फर्मान बहुतेकांच्या बाबतीत चुकीचं आहे. रक्ताच्या गोळीला पालेभाजी खपत नाही असं नाही, तिला पालेभाजीचं अचानक येणं आणि अचानक जाणं खपत नाही. आणि आपल्याकडे भाजीचं हे येणं-जाणं ठरतं पंचांगावर, ऋतूवर, सणावर, उपासावर. म्हणून हा विषय मला पथ्याच्या यादीपेक्षा भिंतीवरच्या कालनिर्णयाचा जास्त वाटतो.

पण त्याआधी हातातली गोळी कोणती ते बघायला हवं. ‘रक्त पातळ करायची गोळी’ या एकाच नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या जातींची औषधं खपतात आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा स्टेंट घातलेल्या बहुसंख्य लोकांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देतात. ही औषधं प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. त्यांचा पालेभाजीशी काडीचा संबंध नाही. तरीही स्टेंट घातलेले कितीतरी आजोबा मेथीकडे पाठ फिरवून बसलेले दिसतात, आणि लोणचं-पापड मात्र चालू असतं! दुसरी जात नव्या गोळ्यांची: डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान. त्यांनाही पालेभाजीचं वावडं नाही आणि आयएनआर पाहावा लागत नाही. रिव्हारोक्साबानची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी मात्र भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर ती अंगी नीट लागत नाही. डॅबिगाट्रानची कॅप्सूल गिळता येत नाही म्हणून फोडून आतले दाणे घ्यायचे नाहीत. या दोन गोष्टी पाळल्या की ताटाचं काम संपलं.

उरली तिसरी जात, जुनी. वॉर्फरिन आणि तिची बहीण ॲसिनोकुमारॉल, आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात जिला बहुतेक जण ‘ॲसिट्रॉम’ म्हणून ओळखतात. भारतात ही दुसरी फार चालते. जुनी म्हणून ती मोडीत निघालेली नाही. धातू-कार्बनची कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला आजही हीच गोळी लागते. डॅबिगाट्रान तिथे वापरून पाहिलं, तेव्हा गाठी आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेली आणि ठोके अनियमित झालेले, अशा रुग्णांवरचा मोठा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. चार हजारांहून जास्त रुग्ण, बहुतेक आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले. त्यात नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गोळीवरचे कमी रुग्ण दगावले. आपल्याकडे लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून गेलेल्या आणि तिशीत झडप खराब झालेल्या बायका थोड्याथोडक्या नाहीत. त्यांच्यासाठी ही जुनी गोळी अजून बरीच वर्षं राहणार आहे. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

या गोळीचा जन्म गोठ्यात झाला. 1920 नंतरच्या काही ओल्या वर्षांत अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात आणि कॅनडाच्या अल्बर्टात गुरं विचित्र रीतीने मरू लागली. शिंगं कापली, खच्चीकरण केलं, की रक्त थांबायचंच नाही. काही तर बाहेर जखम नसताना आतल्या आत रक्त जाऊन मेली. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण शोधलं: ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या चाऱ्याची बुरशी आलेली गंजी. ताजा चारा निरुपद्रवी होता. त्यातलं कुमारिन नावाचं सुवासिक द्रव्य बुरशीमुळे बदलून डायकुमारॉल बनत होतं आणि ते रक्त गोठू देत नव्हतं. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून सुमारे 300 किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि कुजका चारा. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती, म्हणून तो विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात पोचला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने सहा वर्षं खपून 1939 मध्ये ते द्रव्य वेगळं काढलं. त्याचाच एक भाऊबंद वॉर्फरिन. 1948 मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांच्या उपचारांत ते होतं. ‘अहो, हे तर उंदराचं औषध’ असं सांगून कुणी घाबरवलं तर ही हकीकत सांगावी. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा, आणि इथे ती मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजली जाते.

अमेरिकेत गुरं मरत होती त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिलांना चरबी काढलेलं खाद्य देऊन पाहत होते. तीही पिलं रक्तस्रावाने मरू लागली. खाद्यातून काहीतरी निघून गेलं होतं. त्याला डाम यांनी 1935 मध्ये ‘के’ जीवनसत्त्व म्हटलं. 1939 मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं काढलं आणि 1943 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. डॉइझी यांनी ते काढलं कशातून? लसूणघासातून. आपला शेतकरी दुभत्या गाईसाठी बांधाला लावतो तोच हा घास. एका चाऱ्यातून रक्त न गोठू देणारं औषध आलं, दुसऱ्या चाऱ्यातून त्याचा उतारा, आणि तेही एकाच वर्षात.

या दोघांचं भांडण यकृतात चालतं. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृत तयार करतं, पण ती कामाला लागण्यासाठी त्यांच्यावर ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने शेवटचा हात फिरावा लागतो. त्याशिवाय ती कॅल्शियमला धरू शकत नाहीत आणि नुसतीच रक्तात फिरत राहतात. गंमत अशी की शरीराकडे ‘के’ चा साठा फार नसतो. घरात एकच पातेलं असलेली बाई ते पुन्हा पुन्हा विसळून वापरते, तसं यकृत तेच ‘के’ दिवसात अनेकदा वापरतं. वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉल हे विसळण्याचं काम थांबवते. वापरलेलं ‘के’ तसंच पडून राहतं, प्रथिनं अर्धवट राहतात आणि रक्त गोठायला वेळ लागतो. ते पाण्यासारखं पातळ होत नाही, गोठतं फक्त उशिरा. आता या परिस्थितीत ताटातून भरपूर नवं ‘के’ आलं, तर विसळायची गरजच उरत नाही आणि गोळीचा परिणाम तेवढा कमी होतो. ताटातून काहीच आलं नाही, तर तीच गोळी जास्त जोरात चालते.

किती जोरात, ते आयएनआर सांगतो. निरोगी माणसाचा तो 1 च्या आसपास असतो. पायातल्या गाठीसाठी किंवा अनियमित ठोक्यांसाठी बहुधा 2 ते 3 ठेवतात, माइट्रल जागेवर कृत्रिम झडप असेल तर 2.5 ते 3.5. खाली गेला तर झडपेवर गाठ धरण्याची भीती, फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्रावाची. कुणाचा कितीवर ठेवायचा हे डॉक्टर ठरवतात, पण आपला आकडा आपल्याला तोंडपाठ हवा. आणि हा आकडा आजच्या जेवणाचा नसतो. गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक रक्तात जेमतेम सहा तासांत निम्मं होतं, तर सगळ्यात महत्त्वाच्या एकाला निम्मं व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे आज बदललेल्या गोळीचा किंवा आज खाल्लेल्या अळूवड्यांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून रिपोर्ट ‘चांगला’ आणता येत नाही. तसा तो आणायचाही नसतो. रोज जसं जेवतो तसं जेवून रक्त द्यावं.

‘के’ कशात किती, याचा ठोकताळा सोपा आहे. वनस्पतीतलं ‘के’ हरितद्रव्याच्या शेजारी राहतं, उन्हातून अन्न बनवण्याच्या यंत्रणेचाच तो एक भाग आहे. म्हणून पान जितकं गडद हिरवं तितकं ‘के’ जास्त. 100 ग्रॅम शिजलेल्या पालकात ते 500 मायक्रोग्रॅमच्या जवळपास जातं. माणसाची दिवसाची गरज वेगवेगळ्या संस्था 55 ते 120 मायक्रोग्रॅम सांगतात, त्यापुढे हा आकडा पाहा. मेथी, माठ, शेवग्याचा पाला, अळू, अंबाडी, चाकवत ही सगळी मंडळी भरपूर ‘के’ वाली. कोबी मधला: 100 ग्रॅममध्ये 75 च्या आसपास, त्यातही बाहेरच्या हिरव्या पानांत जास्त, आतल्या पांढऱ्या गाभ्यात कमी. भेंडी, फरसबी, मटार त्याहून कमी. वांगं, बटाटा, कांदा, टोमॅटो, मुळा, लाल भोपळा यांत नगण्य. शेवग्याच्या शेंगा खुशाल खा, पाला मात्र मोजून. भात, भाकरी, पोळी, चिकन, मासे यांची या बाबतीत काळजी नको. शिजवल्याने ‘के’ मरत नाही, तेव्हा ‘नीट उकळून घेतली आहे’ हा बचाव चालत नाही. ते स्निग्धात विरघळणारं असल्यामुळे तेल-तुपाच्या फोडणीसोबत उलट जास्त चांगलं अंगी लागतं.

कोथिंबीर? 100 ग्रॅममध्ये 310 मायक्रोग्रॅम. पण आमटीवर भुरभुरवलेली चिमूटभर काहीच बिघडवत नाही. वाटीभर हिरवी चटणी किंवा कोथिंबीरवडीची ताटली हा वेगळा हिशोब. चहाच्या कोरड्या पत्तीत ‘के’ असतं, पण ते पाण्यात उतरत नाही, म्हणून रोजचा चहा बिनधास्त घ्यावा. दही, ताक, इडली ‘आंबवलेली’ म्हणून वर्ज्य आहेत का, असंही काही जण विचारतात. ही शंका जपानहून आली असावी. तिथे सोयाबीन आंबवून नाटो नावाचा चिकट पदार्थ करतात. त्यातला जिवाणू ‘के’ चा एक प्रकार भरमसाट बनवतो, आणि तिथे वॉर्फरिनवरच्या माणसाला नाटो खरोखरच बंद करायला सांगतात. आपल्या ताकाला ते लागू नाही.

याहून दुर्लक्षित राहतं ते तेल. 100 ग्रॅम सोयाबीन तेलात 180 मायक्रोग्रॅमच्या वर ‘के’ असतं, शेंगदाण्याच्या तेलात एक मायक्रोग्रॅमही नाही, सूर्यफुलाच्यात चार-पाच, खोबरेल तेलात जवळपास शून्य. भाज्या तशाच, गोळी तीच, आणि घरात शेंगदाण्याच्या डब्याऐवजी सोयाबीनची पिशवी आली तर आयएनआर हळूहळू उतरू शकतो. भाव बघून दर महिन्याला तेल बदलणाऱ्या घरात ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. ते आपण होऊन विचारतील अशी आशा धरू नये.

आता कालनिर्णयाकडे वळू. थंडीत पालेभाजी स्वस्त, रोज घरात. आयएनआरचा कल खाली. चैत्र-वैशाखात पाला महाग आणि मरगळलेला, ताटात कैरी, काकडी आणि आमरस. कल वर. आंब्याबद्दल एक छोटी नोंद 2002 मध्ये प्रसिद्ध झाली होती: वॉर्फरिन घेणाऱ्या 13 जणांनी रोज एक ते सहा आंबे खाल्ले आणि त्यांचा आयएनआर सरासरी 38 टक्क्यांनी चढला. आंबा थांबवल्यावर उतरला. तेरा माणसांवरून हापूसला दोषी ठरवायचं नाही. पण मे महिन्यात पालेभाजी गायब आणि आमरसाच्या वाट्या रोज, अशा जोडीत आकडा चढला तर नवल वाटू नये. तेव्हा एक आंबा रोज, की रविवारी सहा? रोजचा एक बरा.

मृग बरसला की कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत रानभाज्या येतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. वर्षातून काही आठवडेच मिळतात म्हणून माणसं आवडीने रोज खातात. पाठोपाठ गणपतीत ऋषिपंचमीची भाजी, अळू आणि माठ घातलेली, पातेलंभर. पंगतीत अळूचं फदफदं. या दिवसांत ‘के’ ची आवक एकदम वाढते.

उलट टोक पर्युषणाचं. अनेक जैन घरांत त्या आठ-दहा दिवसांत हिरवी भाजी पूर्ण वर्ज्य असते, काही जण चातुर्मासभर पालेभाजी सोडतात. मुंबईपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत ज्यांच्या घरी हे पाळतात आणि कुणी ॲसिट्रॉमवर आहे, त्यांनी पर्युषणाआधी डॉक्टरांशी बोलून आयएनआर कधी करायचा ते ठरवून घ्यावं. चातुर्मासात नुसतं कांदा-लसूण-वांगं सोडणाऱ्यांना मात्र काही करायला नको, त्यांत ‘के’ मुळातच नसल्यासारखं आहे.

मग नवरात्र. साबुदाणा, वरई, शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळी: उपासाच्या ताटात ‘के’ जवळजवळ नाहीच. एकादशी किंवा संकष्टीचा एक दिवस शरीर पचवून नेतं. पण नऊ दिवसांचा उपास, त्यात पाणी कमी, झोप कमी आणि गोळी नेहमीचीच, तेव्हा सहाव्या-सातव्या दिवशी हिरड्यातून रक्त येऊ लागलं तर तो देवीचा कोप नव्हे. मला विचाराल तर ज्यांची झडप कृत्रिम आहे त्यांनी नऊ दिवसांचा कडक उपास धरूच नये, उठता-बसता दोन दिवस पुरे. धरायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं आणि मध्ये एकदा तपासणी करावी. रमजानच्या रोज्यांत गोळीची वेळ इफ्तारनंतर घेता येते. पण तेही आधी ठरवून, आणि महिनाभर तीच वेळ ठेवून.

या चढउतारात आणखी एक माणूस अडकलेलं असतं: स्वयंपाक करणारी बाई, जिची स्वतःचीच झडप बदललेली आहे. तिचं जेवण सगळ्यात शेवटी. मेथीची भाजी मुलांनी नाक मुरडून ठेवली तर तिच्या ताटात दोन वाट्या येतात, सगळ्यांना आवडली तर तिला पातेलं पुसून घ्यायचं. कागदावर तिचा आहार ‘आठवड्यातून तीनदा पालेभाजी’ असा असतो, प्रत्यक्षात कधी सहा वाट्या आणि कधी शून्य. तिला पथ्याची छापील यादी देऊन काही होणार नाही. तिची एक वाटी आधी काढून ठेवली पाहिजे, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी केलं तर बरं. गोळी चालू असताना दिवस राहिले किंवा मूल हवं असेल, तर लगेच डॉक्टरांना गाठावं. या गोळीने गर्भात दोष होऊ शकतात आणि पुढची आखणी वेगळी करावी लागते. मनाने गोळी बंद करणं मात्र आईच्या जिवावर बेतू शकतं.

मग पालेभाजी कायमची सोडून टाकणं हा सोपा मार्ग नाही का? नाही, आणि हे सगळ्यांत कमी लोकांना ठाऊक आहे. ताटात ‘के’ जितकं कमी, तितका आयएनआर जास्त अस्थिर असतो. कारण रोजची आवक जवळजवळ शून्य असेल तर लग्नाच्या जेवणातली एक वाटी पालक-पनीरही मोठा धक्का ठरते. रोज थोडं येत असेल तर तीच वाटी फार हलवत नाही. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी 2007 मध्ये, कारण सापडत नसताना आयएनआर सतत हेलकावणाऱ्या रुग्णांना रोज 150 मायक्रोग्रॅम ‘के’ मुद्दाम देऊन पाहिलं. त्यांपैकी बहुतेकांचे हेलकावे कमी झाले. नंतरच्या अभ्यासांत फायदा इतका ठळक दिसला नाही, म्हणून तो सरसकट उपचार झालेला नाही आणि कुणी दुकानातून ‘के’ च्या गोळ्या आणून खाऊ नयेत. पण ‘के’ शून्यावर आणण्यात शहाणपण नाही एवढं त्यातून कळतं. पालेभाजी गेली की फॉलेट जातं, बरंचसं कॅल्शियम जातं, बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. म्हणून रोज अर्धी वाटी शिजलेली पालेभाजी, किंवा ठरलेल्या तीन दिवशी एकेक वाटी, असं आपल्याला झेपेल ते ठरवून डॉक्टरांना सांगावं. गोळीची मात्रा त्या ताटावर बसवता येते. ताट मात्रेवर बसवण्याचा हट्ट करू नये.

आहार म्हणून पोटात जाणाऱ्या, पण आहार नसलेल्या गोष्टी जास्त दगा देतात. गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पाल्याची पावडर: ही ‘के’ ची एकवटलेली रूपं, महिनाभर उत्साहाने घेतली आणि मग सोडून दिली की आयएनआर दोन्ही वेळा हलतो. अशक्तपणासाठी दुधात घालायच्या डब्यातल्या पावडरींतही बहुधा ‘के’ असतं, लेबल वाचावं. हळद उलट बाजूने. भाजीतल्या चिमटीची नव्हे, कॅप्सूलची गोष्ट आहे. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने सावध केलं होतं. तिथल्या एका रुग्णाचा स्थिर आयएनआर हळदीचं एक तयार औषध सुरू केल्यावर 10 च्या वर गेला होता. लसणाच्या कॅप्सूल आणि माशाच्या तेलाचे मोठे डोस सुरू करण्याआधीही विचारावं. फोडणीतला लसूण निर्दोष आहे.

दारू एका रात्रीत खूप झाली तर आयएनआर चढतो, रोजची असेल तर यकृताची चाल बदलून उतरूही शकतो. दारू प्यायलेला माणूस पडतो, आणि या गोळीवर डोक्याला लागलेला मुका मारही साधा नसतो.

आजारपणात ताट आपोआप रिकामं होतं. ताप, जुलाब, दोन दिवस नुसती पेज, वर प्रतिजैविकं. मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमॉक्साझोल ही दोन जुलाब-लघवीच्या तक्रारींत सर्रास दिली जाणारी औषधं या गोळीचा परिणाम चांगलाच वाढवतात, बुरशीवरचं फ्लुकोनाझोलही. दुकानातून मागून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक पोटात रक्तस्राव करू शकते. तापाला पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण सलग काही दिवस रोज दोन ग्रॅमच्या पुढे गेली तर तीही आकडा चढवते. पावसाळ्यात डेंग्यूची शंका आली तर घरी पपईच्या पानांचा रस आणि किवी यांच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. प्लेटलेट्स पडलेल्या आणि वर ही गोळी, ही वेळ थांबायची नाही.

रिपोर्टमध्ये 5 किंवा 6 आकडा दिसला तर काही जण त्या रात्री पालकाचा डोंगर खातात. तसं करू नये. भाजीतून किती ‘के’ शोषलं जाईल याचा भरवसा नाही, आणि पुढच्या आठवड्यात आकडा 1.3 वर आला की झडपेचं काय होईल ते सांगता येत नाही. फोन करावा. डॉक्टर गोळी एक-दोन दिवस थांबवतील किंवा ‘के’ मोजून देतील. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ॲसिनोकुमारॉलचा असर वॉर्फरिनपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे तिची चुकलेली गोळी लवकर जाणवते. संध्याकाळची ठरलेली वेळ यासाठीच सोयीची: दुपारी रिपोर्ट आला तर त्याच रात्रीची मात्रा बदलता येते.

आणि ही सगळी नोंद कुठे करायची? मराठी घरात त्यासाठी वेगळी वही लागत नाही. दुधाचा हिशोब आणि सिलिंडर लावल्याची तारीख जिथे लिहितो, त्याच कालनिर्णयाच्या चौकोनात रोजची मात्रा लिहावी. ‘एक दिवस दोन, एक दिवस तीन मिलिग्रॅम’ अशी आलटून-पालटून मात्रा असली की स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणं वेडेपणाचं. तपासणीच्या दिवशी आयएनआरचा आकडा, तेल बदललं ती तारीख, प्रतिजैविकाचे दिवस, लग्नातलं जेवण. एकादश्या आणि चतुर्थ्या त्यावर आधीच छापलेल्या असतात. दोन-तीन महिन्यांची पानं पुढे ठेवली की डॉक्टरांना प्रश्न विचारायचे फारसे उरत नाहीत.

या नोंदीचा उपयोग घबराट टाळायलाही होतो. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट झालं, लघवी लाल झाली, नाकातलं रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबेना, किंवा पडल्यानंतर डोकं ठणकू लागलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पण लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं आणि बिटाच्या कोशिंबिरीने काहींची लघवी गुलाबी होते. आदल्या दिवसाच्या चौकोनात ‘बीट’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना फोनवर तेही सांगावं. लिहिलेलं नसेल, किंवा दुसऱ्या दिवशीही रंग तोच राहिला, तर लघवी आणि आयएनआर त्याच दिवशी तपासून घ्यावेत.